ज्वारीच्या खाद्यावर बलकाला रंग: प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४

सोलापूर भागात कोंबडीखाद्यासाठी ज्वारी हाताशी असते. अडचण एकच. ज्वारीवरच्या कोंबडीच्या अंड्याचा बलक इतका फिकट येतो की गिऱ्हाईक अंडं शिळं समजतं. मका न वाढवता तो रंग इथेच मिळणाऱ्या मालातून भरून काढता येतो का, किती माल लागतो आणि कुठे गळती होते, हे या नोंदींमध्ये मोजायचं आहे.

आधी मूळ गोष्ट. कोंबडी बलकाचा रंग स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाही. तो सगळा खाद्यातल्या झँथोफिल या रंगद्रव्यांमधून येतो. ल्युटिन आणि झिआझँथिन पिवळा रंग देतात, मिरचीतलं कॅप्सँथिन तांबडा. गाजरातलं बीटा कॅरोटिन मात्र इथे फारसं कामाचं नाही, कारण कोंबडी त्याचं बहुतांश अ जीवनसत्त्व करून टाकते. बलक केशरी व्हावा म्हणून गाजराचा कीस घालणारे पुष्कळ आहेत. गाजर कोंबडीला चांगलंच, पण रंगासाठी तो खर्च वाया जातो.

पिवळ्या मक्यात किलोला साधारण १५ ते २५ मिलीग्रॅम झँथोफिल असतं. ज्वारी, बाजरी, गहू, तांदळाची कणी आणि पांढरा मका यांत जवळजवळ नाही. ज्वारीवर बलक फिकट का येतो, याचं पूर्ण उत्तर एवढंच आहे.

दसरा परवाच झाला. बाजारात न विकलेला झेंडू भरपूर आहे, म्हणून सुरुवात आजच.

फुलं घेताना पाळायचं: फक्त न विकलेली, ताजी, गडद केशरी फुलं. लिंबू रंगाच्या झेंडूत ल्युटिन खूप कमी असतं. हारातली फुलं आणि देवळातलं निर्माल्य घ्यायचं नाही, त्यात कुंकू, गुलाल, उदबत्तीची राख आणि तार येते. शेतकऱ्याला शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली ते विचारायचं. सणासाठी पिकवलेल्या झेंडूवर तोडणीच्या तोंडावरही फवारे होतात, आणि पाकळीवरचं औषध अंड्यात उतरू शकतं. उत्तर नीट मिळालं नाही तर ती फुलं सोडून द्यायची.

१६ ऑक्टोबर

पाकळ्या उपटून हिरवा देठ आणि खालची वाटी बाजूला काढली. त्या हिरव्या भागात रंग नाही, नुसता चोथा आहे. पाकळ्या सुती कापडावर एका थरात, सावलीत, पंख्याखाली पसरल्या. उन्हात वाळवल्या की लवकर वाळतात हे खरं, पण झँथोफिल उजेडाने आणि हवेने मोडतं आणि पाकळी फिकट पिवळी पडते. जे मिळवायचं तेच उडून जातं.

१८ ऑक्टोबर

पाकळी मुठीत चुरली की कुरकुर वाजून भुगा होतो, म्हणजे दळायला तयार. वाकली तर अजून ओल आहे, दळली तर गोळा होईल आणि डब्यात बुरशी धरेल. दहा किलो ताज्या पाकळ्यांची साधारण एक ते सव्वा किलो पूड होते. मिक्सरमध्ये थोडी थोडी, थांबून थांबून दळली. भांडं तापलं की रंग जातो. पूड हवाबंद डब्यात, डबा काळ्या पिशवीत, पिशवी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात.

मिरची: ब्याडगी, अख्खी, देठ आणि बी काढून. ब्याडगीला रंग जास्त आणि तिखटपणा कमी. बियांत रंग नसतो, नुसतं वजन वाढतं. कोंबडीला तिखट लागत नाही. माणसाच्या तोंडात आग पाडणारं कॅप्सेसिन पक्ष्यांच्या संवेदनातंतूंवर काम करत नाही, म्हणून मिरची शेतात पोपटही आवडीने खातात. त्रास होतो तो दळणाऱ्याला, तेव्हा तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेत.

मिरचीचं बोंड मोडून आत पाहायचं. आत काळी-राखाडी बुरशी दिसली तर ती बाजूला, कारण मिरचीतही अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं. सुटी तयार मिरची पूड वापरायची नाही. तिच्यात सुदान या कारखानी तांबड्या रंगाची भेसळ सापडते. हा रंग तेलात विरघळणारा असल्याने थेट बलकात जाऊन बसतो. २००६ मध्ये चीनमध्ये बदकाच्या लाल बलकाच्या अंड्यांत सुदान रंग सापडला होता, त्यामागे बदकांच्या खाद्यात मिसळलेला रंगच होता.

सगळ्या कोंबड्या आजपासून मूळ ज्वारी खाद्यावर. आधीच्या मक्याचा रंग पूर्ण उतरल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही.

मूळ खाद्य, १०० किलोसाठी: मालदांडी ज्वारी भरडलेली ५८ किलो, सोया पेंड २४, तेल काढलेला भाताचा कोंडा ४.२, सोयाबीन तेल २, चुनखडी आणि शिंपला मिळून ९, डायकॅल्शियम फॉस्फेट १.५, मीठ ३०० ग्रॅम, आणि जीवनसत्त्वं, खनिजं, मिथिओनिन व बुरशीचं विष बांधणारा टॉक्सिन बाइंडर मिळून १ किलो. प्रथिनं १७ टक्क्यांच्या आसपास, कॅल्शियम पावणेचार टक्के. अर्धी चुनखडी बारीक आणि अर्धी जाड ठेवली. कवच रात्री तयार होतं, तेव्हा जाड खडे पोटात टिकून हळूहळू कॅल्शियम देत राहतात.

कोंबड्या बीव्ही ३८० या अंड्यांच्या संकरित जातीच्या, वय सुमारे ३२ आठवडे, अंडी स्थिर. गट चार, प्रत्येकी आठ पक्षी. पक्ष्याला दिवसाला ११५ ग्रॅम धरलं तर गटाला ९२० ग्रॅम, म्हणजे १५ किलोचं मिश्रण पंधरवड्याला पुरून थोडं उरतं.

२३ ऑक्टोबर

मोजण्याची रीत आधीच पक्की केली, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

रंगपट्ट्यांचा पंखा १ ते १५ चा, रॉश पद्धतीचा. १ सर्वांत फिकट, १५ सर्वांत गडद. नव्या पंख्यात १६ पट्ट्या येतात, म्हणून कोणता पंखा वापरला ते नोंदीत लिहायचं. अंडं चकाकी नसलेल्या पांढऱ्या बशीत फोडायचं. पट्टीची टोकं बलकाच्या लगेच वर धरून सरळ वरून पाहायचं. उजेड खिडकीचा, पण थेट ऊन नको. ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या दिव्याखाली एकच बलक दोन वेगळे आकडे देतो. मोजणारी व्यक्ती तीच, वेळ सकाळी दहाची, प्रत्येक गटाची पाच अंडी. मोबाइलच्या फोटोवरून आकडा काढायचा नाही, कॅमेरा पांढऱ्याचा तोल स्वतःच बदलतो.

३० ऑक्टोबर

चारही गट २ वर. ज्वारीवरचा तळ सापडला.

३१ ऑक्टोबर

सकाळी खाद्य बदललं.

अ: मूळ ज्वारी खाद्य, जसंच्या तसं.
ब: ज्वारीच्या जागी पूर्ण ५८ किलो पिवळा मका.
क: मूळ खाद्य, कोंड्यातला १ किलो कमी करून झेंडू पाकळीची पूड १ किलो.
ड: क प्रमाणेच, शिवाय ब्याडगी पूड ५०० ग्रॅम, तेवढा कोंडा आणखी कमी.

हे सगळं १०० किलोचं प्रमाण आहे. १५ किलोला पाकळी १५० ग्रॅम आणि मिरची ७५ ग्रॅम.

मिसळण्याची पद्धत महत्त्वाची. दीडशे ग्रॅम पूड सरळ पंधरा किलोत टाकली तर ढिगाच्या एका बाजूलाच राहते. पूड आधी त्या पंधरा किलोच्या वाट्याच्या ३०० ग्रॅम तेलात कालवायची, मग ते एक किलो सोया पेंडीत चोळायचं, ते तीन किलोत, मग सगळ्यात. तेलाने दोन कामं होतात. पूड दाण्याला चिकटते, खाली गळत नाही. आणि झँथोफिल स्निग्धात विरघळत असल्याने आतड्यातून शोषलं जायला चरबीची सोबत लागते.

३ नोव्हेंबर

अ २, ब ३, क ३, ड ४.

बदल आत्ताच का दिसला? बीजांडकोषात बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांत भराभर वाढतो, रोज एक थर बाहेरून चढतो. त्यानंतर पांढरा आणि कवच चढायला २४ ते २६ तास जातात. म्हणजे आज घातलेल्या अंड्याचा बलक कालच सुटलेला असतो, नव्या खाद्याचे एक-दोन थरच त्यावर बसलेले असतात. ड गटाचं एक अंडं कडक उकडून धारदार सुरीने मधोमध कापलं. मध्यभाग फिकट, कडेला केशरी कडं. या टप्प्यावर फोडलेल्या अंड्याचा आकडा वरच्या थराचाच असतो, आतला जुना पिवळा त्यात पूर्ण येत नाही. चौथ्या दिवशी आकडा बघून पूड वाढवू नये, ती सवय महागात पडते.

७ नोव्हेंबर

अ २, ब ५ ते ६, क ६, ड ८.

१२ नोव्हेंबर

अ २, ब ७, क ८, ड ११.

१६ नोव्हेंबर

आकडे तेच, म्हणजे स्थिर झाले. खाद्य बदलल्यावर दहा-बारा दिवस थांबायचं, हे इथून पुढे पाळायचं.

क गटात चार अंडी ८ ची आणि एक सारखं ५ चं. पिंजरा वेगळा करून तपासलं. अंडं एकाच पक्ष्याचं, वजन थोडं कमी, विष्ठा पातळ. रंग शोषला जातो तो लहान आतड्यात. जंत किंवा कॉक्सिडिओसिस या परजीवी रोगाने आतड्याचं अस्तर बिघडलं की बलकाचा रंग अंड्यांची संख्या घटण्याच्याही आधी उतरतो. विष्ठेचा नमुना तपासणीला पाठवला. खाद्य तेच असताना गटातली एक-दोन अंडी फिकट येऊ लागली तर पक्षी तपासायचा. सगळाच गट फिकट झाला तर खाद्य तपासायचं.

पायांचा रंगही पाहिला. चांगली अंडी देणाऱ्या कोंबडीचे पाय आणि चोच हळूहळू पांढरे पडतात, कारण कातडीतला पिवळा बलकाकडे जातो. पिवळेजर्द पाय हे भरपूर अंडी देणारीचं लक्षण नाही. बाजारात पाय बघून कोंबडी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

१७ नोव्हेंबर

दुसरा टप्पा. प्रत्येक गटात एकच गोष्ट बदलली.

अ: ज्वारी खाद्य आणि फक्त मिरची ५०० ग्रॅम, झेंडू नाही.
ब: मका खाद्य आणि मिरची ३०० ग्रॅम.
क: झेंडू दुप्पट, २ किलो.
ड: झेंडू आणि मिरची तशीच, पण २ किलो तेल काढून त्याजागी ज्वारी. पूड मिसळायला इथे तेलाऐवजी कोमट पाण्याचा हलका हात दिला.

१९ नोव्हेंबर

ड गटाच्या भांड्याच्या तळाशी केशरी भुकटी साचलेली. कोंबड्या दाणा टिपून घेतात, बारीक पूड मागे राहते. तेल नसलं की हे होणारच. आधीचं खाद्य संपल्याशिवाय नवीन ओतायचं नाही, आणि दिवसातून एकदा भांडं रिकामं होऊ द्यायचं.

२९ नोव्हेंबर

अ: आकडा देता येत नाही. बलक गुलाबीकडे झुकणारा, मळकट, पंख्यावरच्या कुठल्याच पट्टीशी जुळत नाही.
ब: १०.
क: ९.
ड: १०.

या टप्प्यातून जे हाती लागलं ते या प्रकल्पाचा कणा आहे. पिवळ्याची बैठक आधी लागते, तांबडा तिच्यावर चढतो. अ मध्ये बैठकच नव्हती, म्हणून मिरची एकटी पडली आणि रंग बिघडला. क मध्ये झेंडू दुप्पट केला तरी एकच पट्टी वाढली. पिवळा एका मर्यादेनंतर भरून जातो, पुढे कितीही घातला तरी डोळ्याला फरक कळत नाही. आठाच्या वर जायचं तर झेंडू वाढवू नका, मिरची चिमूटभर घाला. ब मध्ये मक्याने बैठक दिली आणि ३०० ग्रॅम मिरचीने तीन पट्ट्या वर नेल्या. खर्चाच्या दृष्टीने चौघांत हाच मार्ग सरस. मका ज्वारीच्या भावात किंवा खाली मिळत असेल तर झेंडूची खटपट करू नये.

ड मध्ये तेल काढल्याने एकच पट्टी उतरली, कारण ज्वारीत स्वतःचं थोडं तेल असतं. शिवाय काही पूड भांड्यात राहिली. दोन्हींचा वाटा इथे वेगळा काढता येत नाही.

४ डिसेंबर

मका वाढवण्याआधी एक इशारा. सध्या खरिपाचा मका बाजारात येतो आहे आणि त्यात ओल असते. दाताखाली दाणा कडक फुटला पाहिजे. मऊ दबला तर तो साठवायचा नाही. ओल्या मक्यात बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृत आणि चरबीचं पचन बिघडवतं, आणि भरपूर मका घालूनही बलक फिकटच राहतो. अशा वेळी लोक रंग वाढवतात, रोग तसाच राहतो. उलट बाजूनेही पाहावं. मका वर्षभर पडून राहिला तर बुरशी नसली तरी त्याचा रंग बराच कमी होतो. जुन्या मक्यावर सातची अपेक्षा धरू नये.

कारखान्यातून येणाऱ्या मालातही फरक ओळखावा. ६० टक्के प्रथिनांचं मका ग्लुटेन रंगाने भरलेलं असतं, किलोला २०० मिलीग्रॅमच्या वर. त्याच्या शेजारी ठेवलेला मक्याचा कोंडा किंवा चुनी म्हणजे ते नव्हे. तांदळापासून दारू काढल्यावर उरणारा डीडीजीएस प्रथिनाला स्वस्त पडतो, रंगाला शून्य.

८ डिसेंबर

अ गट पुन्हा शुद्ध ज्वारीवर आणून हिरवा चारा चालू केला. लसूणघास फुलावर येण्याआधी कापलेला, बोटाच्या पेराएवढा चिरून, पक्ष्याला सुमारे ३० ग्रॅम, दुपारी. सकाळी दिला तर त्यावर पोट भरतं, खाद्य कमी जातं आणि अंडं हलकं होतं. लांब काड्या दिल्या तर गळ्याखालच्या अन्नपिशवीत गुंता होऊन अन्न अडतं.

शेवग्याचा पाला सावलीत वाळवून खाद्यात २ ते ३ टक्के घालणं सोपं आहे, आणि शेवगा सोलापूरकडे उन्हाळ्यातही तग धरतो. अझोला ही पाण्यावर वाढणारी वनस्पतीही चालते, पण तिच्या खड्ड्याला वर्षभर पाणी आणि सावली लागते.

१३ डिसेंबर

पाण्यातून जीवनसत्त्वाचं टॉनिक देण्याची पद्धत सगळीकडे आहे. अ जीवनसत्त्व गरजेपेक्षा बरंच जास्त झालं तर ते रंगाच्या शोषणाशी स्पर्धा करतं आणि बलक उतरतो. आजारपण किंवा वाहतुकीचा ताण असेल तेव्हा टॉनिक द्यावं, रोजच्या रोज देऊ नये. खवट तेलाचंही तसंच. खवटपणा झँथोफिलला जाळतो. तेल वासावरूनच ओळखावं, आणि तेल न काढलेला भाताचा कोंडा आठवड्याच्या वर ठेवू नये.

१८ डिसेंबर

अ: ६. नुसत्या हिरव्या चाऱ्याने ज्वारीवरचा बलक दोनवरून सहावर आला. बलक स्वच्छ पिवळा, केशरी छटा नाही.

गावरान अंड्याच्या रंगाचं कारणही हेच. मोकळी फिरणारी कोंबडी गवत, पाला, किडे खाते. एप्रिल-मे मध्ये बांध सुकले की त्याच गावरान कोंबडीचा बलक फिकट होतो आणि गिऱ्हाईक फसवलं म्हणून भांडतं. कवचाचा रंग जातीवर ठरतो, बलकाचा खाण्यावर. झेंडू किंवा हिरव्या पाल्याने गडद झालेल्या बलकात ल्युटिन जास्त असतं आणि ते माणसाच्या डोळ्यांना उपयोगी आहे, हे खरं. पण प्रथिनं त्यामुळे वाढत नाहीत, आणि केशरी बलक हा कोंबडी मोकळी फिरल्याचा पुरावा नाही. ड गटाच्या कोंबड्या पिंजऱ्यातच आहेत आणि त्यांचा आकडा सर्वांत वर गेला. ही अंडी गावरान म्हणून विकायची नाहीत.

२० डिसेंबर

सरकी पेंडीबद्दल विचारणा सतत होते, कारण ती गावात स्वस्त मिळते. लेअरला, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीला, देऊ नये. तिच्यातलं गॉसिपॉल बलकातल्या लोहाशी जोडलं जाऊन बलक शेवाळी-तपकिरी होतो. ताज्या अंड्यात ते दिसत नाही, अंडी साठवली की उमटतं, म्हणजे तक्रार गिऱ्हाइकाच्या घरून येते. सरकीच्या तेलातल्या काही स्निग्धाम्लांमुळे पांढरा गुलाबी होतो आणि थंडीत ठेवलेला बलक रबरासारखा घट्ट होतो. २०२० मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात एका ठिकाणच्या कोंबड्यांची हिरव्या बलकाची अंडी गाजली होती. खाद्य बदलल्यावर बलक पुन्हा पिवळे झाले.

उकडलेल्या अंड्यात बलकाभोवती दिसणारं हिरवट कडं वेगळं. जास्त उकळल्याने पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह जुळून ते होतं. उकळी आल्यावर नऊ-दहा मिनिटांत काढून गार पाण्यात टाकलं की होत नाही. खाद्याला दोष देऊ नये. उकडल्यावर बलक कच्च्यापेक्षा फिकट दिसतो, तेही स्वाभाविक आहे.

कॅन्थाझँथिन हे तयार तांबडं रंगद्रव्य बाजारात मिळतं आणि अगदी थोडं पुरतं. युरोपीय महासंघाने लेअरच्या खाद्यात त्याची मर्यादा किलोला ८ मिलीग्रॅम घातली आहे, कारण जादा प्रमाण माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर स्फटिकरूपाने साचू शकतं. ते वापरायचं तर ग्रॅममध्ये मोजणारा काटा आणि चांगला मिक्सर हवा. घमेल्यात फावड्याने मिसळणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. मिरचीत प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तरी फक्त पट्टी बदलते.

२३ डिसेंबर

ज्वारी खाद्यासाठी ठरलेलं प्रमाण, १०० किलोला: झेंडू १ किलो, ब्याडगी ४०० ग्रॅम, तेल २ किलो, आणि मिळेल तेव्हा दुपारी लसूणघास. लक्ष्य १० ते ११. याहून गडद बलक अंड्याच्या पोळ्यात तांबूस दिसतो आणि घरातली मुलं तो बाजूला काढतात.

पन्नास कोंबड्यांना दिवसाला पावणेसहा किलो खाद्य, महिन्याला सुमारे १७३ किलो. त्याला झेंडू पूड पावणेदोन किलो आणि मिरची सातशे ग्रॅम. पुढच्या दसऱ्यापर्यंतची झेंडू पूड एकदम साठवायची तर वीस किलोच्या घरात जाते, आणि ती पडून फिकी होत जाते. म्हणून निम्मीच साठवायची, उन्हाळ्यात शेवग्याचा पाला आणि निम्मा मका यांवर बैठक धरायची. खाद्य दहा दिवसांपुरतंच मिसळायचं. पंख्यावर आकडा एक पट्टी उतरला तर आधी डबा उघडून पुडीचा रंग आणि वास पाहायचा, मग विष्ठा, मग तेल. हे तिन्ही ठीक असतील तरच झेंडू सव्वा किलोवर न्यायचा, आणि पुन्हा दहा-बारा दिवस थांबून मोजायचं.